लोखंडवाले सर

लातुरात त्या काळी तीन प्रकारचे मास्तर होते. पहिले कॉलेजातले, दुसरे क्लासमधले आणि तिसरे आमचे सर. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावानं त्यांना पोस्टमनसुद्धा ओळखत नव्हता. 'लोखंडवाले सर' म्हटलं की गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत कुणीही घर दाखवायचं. नव्या माणसाला वाटायचं, यांचं सळयांचं दुकान असणार. दुकान नव्हतं. सर आमच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि मी जीवशास्त्र.

मी नांदेडची. एम.एस्सी. करून घरात बसले होते आणि घरचे स्थळं बघत होते, तेवढ्यात लातूरच्या क्लासची जाहिरात आली. भूकंपाला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. गाव त्यातून सावरून एका वेगळ्याच गडबडीत सापडलं होतं. लोह्याहून, चाकूरहून, पार देगलूरहून पोरं-पोरी दहावीचा निकाल घेऊन एस्टीतून उतरायची. मागं ट्रंक डोक्यावर घेतलेला बाप. गल्लोगल्ली खोल्या, मेस आणि झेरॉक्सची दुकानं. ज्याच्या घरात जिना होता त्यानं जिन्याखालीही एक पोरगं ठेवलं होतं. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, मधलं काही कुणाला व्हायचंच नव्हतं.

मी रुजू व्हायला गेले त्या सकाळी क्लासच्या अंगणात एक उंच किडकिडीत माणूस दोरी बांधलेली पाण्याची बादली डोक्यावरून गरागरा फिरवत होता. भोवती पोरांचं कोंडाळं. बादली वर जाऊन उलटी व्हायची, पण थेंब सांडत नव्हता. मीही बघत उभी राहिले आणि नेमकी तेव्हाच दोरी सुटली. बादली गुणवंत विद्यार्थ्यांच्या फलकावर जाऊन आदळली आणि पाणी माझ्या नव्या साडीवर. ते गृहस्थ लगबगीनं माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, "बघितलं मॅडम? दोरी सुटल्यावर बादली सरळ गेली. गोल नाही गेली." मी दिवसभर ओल्या साडीत बसले आणि संध्याकाळी नांदेडला परतीची गाडी कधी आहे ते स्टँडवर जाऊन विचारून आले.

गेले मात्र नाही. पुढची नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसले, त्यांच्याशी भांडले आणि त्यांच्या घरचा शीरखुर्मा खाल्ला.

लोखंडाचं वेड म्हणजे किती, तर गावात कुठंही बांधकाम दिसलं की त्यांची स्कूटर थांबायची. ओळख ना पाळख, सर आत शिरायचे, उभ्या सळया हलवून बघायचे, त्यांच्याभोवती बांधलेल्या लोखंडी रिंगांमधलं अंतर वितीनं मोजायचे आणि मालकाला विचारायचे, इथं रिंगा लांब लांब कशाला टाकून राहिलात? मालक चिडायचे. मुलींचं हॉस्टेल बांधणाऱ्या एकानं तर खवचटपणे विचारलं होतं की गुरुजी, तुमची मुलगी राहणार आहे का इथं? सर म्हणाले, "दुसऱ्यांच्या राहणार आहेत, म्हणून तर बघून राहिलो." त्या माणसानं शिव्या दिल्या, पण रिंगा जवळ घेतल्या. आमच्या क्लासच्या मालकांनी नवी इमारत काढली तेव्हा सरांनी अट घातली की स्लॅब ओतायच्या आधी आतलं लोखंड मला दाखवायचं, नाहीतर मी पत्र्याच्या शेडमध्येच शिकवीन. मालक मनातून जळफळले. पण निकाल सरांच्या जिवावर लागत होता, आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड. स्लॅबच्या दिवशी सर टाय लावून उन्हात उभे होते. तो टाय मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: समजलं की भीती जाते. विजेला भिणाऱ्या पोराला तेच, परीक्षेला भिणाऱ्या पोरीला तेच. मी वर्गात बेडूक फाडायला शिकवायचे, पण भिंतीवरच्या पालीला घाबरायचे. हे कळल्यावर सरांनी मला पालीचे पाय भिंतीला कसे धरून राहतात ते अर्धा तास समजावलं, फळ्यावर आकृती काढून. मला ते चांगलं समजलं. भीती होती तिथंच राहिली. तसं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे नीट समजलं नाही."

या सगळ्या तत्त्वज्ञानाचं टोक म्हणजे रोलर कोस्टर. हैद्राबादच्या बाहेर एक मोठं पार्क निघालं होतं, तिथं पोलादी खांबांवर उभा केलेला तो राक्षस होता. चढायचा, कोसळायचा, एका ठिकाणी पूर्ण उलटा होऊन परत सुलटा यायचा. आमच्या पोरांनी तोवर माळेगावच्या जत्रेतला आकाशपाळणा तेवढा बघितलेला. सर अर्धं फिजिक्स त्या रोलर कोस्टरवर शिकवायचे. फळ्याच्या उजव्या बाजूला त्याची वेडीवाकडी रेघ वर्षभर असायची आणि ती पुसायची कुणाची छाती नव्हती. मला पेशीची आकृती काढायची असली तर उरलेल्या फळ्यात भागवावं लागे. डिसेंबरात सर प्रत्येक बॅचला बसमध्ये घालून तिकडं न्यायचे. पालक मुलींना पाठवेनात, म्हणून सोबत मी. एकदा मीही त्यावर बसले. उतरल्यावर जे झालं ते फक्त पचनसंस्थेच्या धड्यात सांगता येईल.

एका वर्षी सरांनी शर्टाच्या आत पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या लपवून नेला. उलटं झाल्यावर पाणी सांडत नाही हे पोरांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. पण रांगेतच कुणाचा तरी धक्का लागला, आणि सरांची पँट पुढून भिजली. पार्कच्या माणसानं बघितलं, पोरांनी बघितलं आणि ज्याला जो अर्थ काढायचा तो त्यानं काढला. पुढं महिनाभर सर वर्गात आले की मागच्या बाकावरून खोकला यायचा. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, तांब्याला झाकण असतं तर प्रयोग फसला नसता. झाकण असतं तर प्रयोगच कशाला, हे मी बोलून दाखवलं नाही.

हे वेड कुठून आलं ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पहिल्याच वर्षी ईदला सरांच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, बोलावलं होतं. भाड्याचं घर, पुढं मोठं अंगण. अंगणात लिंबाच्या झाडाखाली चार बल्ल्यांवर पत्रे टाकलेले आणि त्याखाली बाजेवर एक म्हातारे गृहस्थ. रुंद पंजे, पांढरी दाढी, अंगावर स्वेटर. सरांचे अब्बा. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, या बाई, आत जा, आत समदे हाएत. मी म्हटलं, चाचा, तुम्हीही चला. ते नुसते हसले. भाभींनी मला दंडाला धरून आत नेलं.

सरांचं घराणं औशाचं, पिढ्यान्‌पिढ्या गवंड्यांचं. अब्बांची ख्याती होती ती जाड भिंतीसाठी. दगड आणि माती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आसपासच्या गावांमधून मोठे शेतकरी बैलगाडी पाठवून त्यांना न्यायचे. भिंत जितकी जाड तितका मालक निर्धास्त, अशी त्या भागातली समजूत. जाड भिंत म्हणजे प्रतिष्ठा. मुलगी द्यायला आलेले पाहुणेसुद्धा दारातून भिंतीची रुंदी बघायचे म्हणे. माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती पडायची, म्हणजे घर दरवर्षी आणखी जड व्हायचं. मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप आला. ज्यांच्या भिंती सगळ्यांत जाड होत्या ती घरं त्यांच्याच माणसांवर बसली.

अब्बा दुसऱ्या दिवशी त्या गावांकडं गेले. लोकांबरोबर दगड उचलायला लागले. सरांनी मला हे एकदाच सांगितलं, स्टाफरूममध्ये, पेपर तपासता तपासता, माझ्याकडं न बघता. उचललेल्या दगडांवर ते घडवताना बसलेले टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव असतात, आणि प्रत्येक गवंड्याचा घाव वेगळा असतो. अब्बांना आपले दगड ओळखू येत होते. कुठल्या दगडाखाली कोण सापडलं तेही त्यांनी बघितलं. तिथून लातूरला सरांच्या घरी आले, पण आत गेलेच नाहीत. आणि त्या दिवसापासून ते पत्र्याखेरीज कुठल्याही छताखाली बसले नाहीत. नमाज मशिदीच्या अंगणात. लग्नाला गेले तर मांडवात. एस्टी चालायची, कारण एस्टीचं टप पत्र्याचं. पत्रा डोक्यावर पडला तर माणूस मरत नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. लातुरात सगळीच माणसं भूकंपानंतर काही महिने बाहेर झोपली. मग एक एक करून आत गेली. अब्बा राहिले.

सर सांगत होते, आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची कीव आली. आपल्या बापाला घरात न्यायचं म्हणून हा माणूस गावभर सळया हलवत फिरत होता.

दरम्यान अब्बांची छाती बिघडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक थंडी-पावसाळा उघड्यावर काढला तर यांचा भरवसा देता येणार नाही. सरांनी औसा रोडला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथं ते असं घर बांधणार होते की ज्यात लोखंड बघूनच भूकंप परत जाईल. आणि पहिली वीट अब्बांनी ठेवायची. अब्बा म्हणाले, माझ्या हातची भिंत आता कुणाला नगो. सरांनी पुस्तकं आणून दाखवली, चित्रं काढली. अब्बा ऐकून घ्यायचे आणि बाजेवर कूस बदलायचे. भाभी मला म्हणाल्या की हे अब्बांना रोज शिकवतात, आणि अब्बा रोज नापास होतात.

शेवटी सरांच्या डोक्यात आलं की कागदावर समजत नाही ते डोळ्यांना दाखवावं. त्या डिसेंबरात सहलीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर अब्बा होते, कानाला मफलर, मांडीवर औषधांची पिशवी. पोरांनी त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले, गाण्याच्या भेंड्यांत ओढायचा प्रयत्न केला. मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. अब्बा बसमध्येच झोपले.

सरांच्या घाईमुळं आम्ही पार्क उघडायच्या कितीतरी आधी जाऊन पोचलो. फाटक बंद. कुंपणाच्या जाळीतून रोलर कोस्टर दिसत होता, थंड, ओल्या लोखंडाचा. थोड्या वेळानं गाडी हलली. पहिल्यांदा रिकामी गेली. मग वाळूची पोती ठेवून गेली. तिसऱ्यांदा निळ्या कपड्यांतले चार कामगार येऊन बसले. चढावर गाडी गेली, कोसळली, उलटी झाली, आणि ते चौघं हाताची घडी घालून गप्प बसलेले. किंचाळणं नाही, हसणं नाही. आठवडी बाजाराला जीपमधून निघाल्यासारखे. पोरं हसून हसून लोळायला लागली. अब्बा जाळीला बोटं अडकवून बघत होते. ते हसले नाहीत.

फाटक उघडल्यावर सरांनी अब्बांना हाताला धरून थेट रांगेच्या कडेला नेलं. तिथं एक खांब कठड्याला लागून होता. गाडी वरून गेली की तो खांब थरथरायचा. सरांनी अब्बांचा पंजा त्या खांबावर ठेवला. आम्ही सगळे भोवती उभे. घरात ते दखनीत बोलत, पण पोरांसमोर सर मराठीतच बोलले, वर्गात बोलतात तसे.

"हालून राहिलंय ना अब्बा? दिवसातून कितीदा तरी हालतंय. पण पडत नाही. लोखंड वाकतं आणि परत सरळ होतं. दगडमातीला वाकता येत नाही, म्हणून ती बसते. तुमच्या हाताचा दोष नव्हता. तुमच्या भिंतींमध्ये बोटाएवढी सळई असती ना, एक माणूस दगावला नसता."

सरांना ते सांत्वन वाटत होतं. किती वर्षांपासून हेच वाक्य बापाला सांगायचं म्हणून ते घोकत असतील. पण ती माणसं वाचू शकली असती, हेच त्यांनी त्या म्हाताऱ्याला हात धरून दाखवलं होतं. अब्बांनी खांबावरचा हात काढला आणि स्वेटरला पुसला. सर पुढं बोलायला गेले, त्यांना बापाचा चेहरा दिसला, आणि वाक्य अर्धंच सोडून ते अब्बांचा मफलर नीट करायला लागले. मग पोरं हाका मारायला लागली आणि सर त्यांच्याबरोबर वर गेले. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की ती गाडी तासभर उलटीच राहिली तरी मला चाललं असतं.

मी अब्बांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. ते वर बघत होते. मग म्हणाले, बाई, सकाळी बसले व्हते ते कोण? मला नक्की माहीत नव्हतं. एक निळ्या कपड्यांतला माणूस कठडा पुसत होता, त्याला बोलावलं. अब्बांनी त्याला दखनीत विचारलं. तो म्हणाला, "हमीच बोल्ट कसते, हमीच पैले बैठते. रोज का कायदा है चाचा." आणि फडकं पिळत पुढं गेला.

अब्बांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हे बरोबर हाय," ते म्हणाले. "बाई, आमी लई घरं बांधली. घर झालं की मालक जेवाया बोलवायचा. फेटा बांधायचा, मान द्यायचा. जेवायचो आन्‌ संध्याकाळच्याला औशाला परत. औशात आमचं घर सगळं पत्र्याचं. माळवद परवडत नव्हतं आमाला. माझ्या भिंतीच्या आत माझं लेकरू एक रात निजलं न्हाई कधी. लोकांची निजली."

मी त्यांचा हात धरून बसले. वर सरांची गाडी उलटी होऊन गेली आणि पोरांच्या किंकाळ्या आल्या. अब्बांचे ओठ हलत होते. सर उतरून आले तसे अब्बा उठले आणि त्यांनी सरांचे खांदे, दंड, पाठ चाचपून बघितली, पडून आलेल्या लेकराला चाचपतात तशी. सर तेव्हा चाळिशीचे होते. त्यांनी मान खाली घालून चाचपू दिलं.

परत आल्यावर चार दिवसांनी अब्बा स्वतःहून म्हणाले की प्लॉटवर सामान टाक. सरांचा विश्वास बसेना. ते मला येऊन सांगत होते की बघा मॅडम, शेवटी समजलं त्यांना. मला बाकावरचं बोलणं माहीत होतं. मी ते सरांना सांगितलं नाही. ते अब्बांनी सांगायचं होतं.

घराचा सांगाडा सरांनी उभा केला. कॉलम, बीम, स्लॅब. प्रत्येक रिंग त्यांनी स्वतः वाकवून घेतली. ठेकेदार कपाळाला हात लावून म्हणायचा, सर, हे घर हाय का पूल? आतल्या विटांच्या भिंती अब्बांनी घातल्या. खोकत खोकत, दिवसाला थोड्या, पण ओळंबा लावून, कुणाला हात लावू न देता. सळयांचं ते बघत नव्हते, विटांचं सर बोलत नव्हते. भाभी म्हणायच्या, दोघांची अशी गट्टी मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. काम मे अखेर संपलं. राहायला जायचा दिवस ठरला आणि तेव्हा अब्बांनी आपली अट सांगितली. एक पावसाळा या घरात मी एकटा झोपणार. तुम्ही सगळे अंगणात, पत्र्याखाली. पावसाळा नीट गेला तर आत या.

सर हादरले. त्यांनी सगळं गणित मांडून दाखवलं. किती धक्का सोसेल, किती वजन पेलेल. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "तू म्हन्तोस ते खरं आसंल. म्या निजून बघतो." मग त्यांनी बाकावर मला जे सांगितलं होतं ते सरांना सांगितलं, आणि आपली पथारी उचलून ते आत गेले. किती वर्षांनी तो माणूस छताखाली गेला होता, आणि घरात कुणी पेढे वाटले नाहीत.

सरांना अब्बांना आत आणायचं होतं आणि अब्बा आत गेले होते. डॉक्टर खूश होते. छाती खरोखरच सुधारली. पण सर सुकत चालले. वर्गात मधेच थांबायचे आणि काय सांगत होतो ते पोरांना विचारायचे. बादली कोपऱ्यात पडून होती. एकदा मला म्हणाले, "मॅडम, ते घर सुरक्षित आहे म्हणून आत नाही गेले. नसलं तर आपण आधी जावं म्हणून गेले." मी म्हटलं, ठाऊक आहे मला. ते म्हणाले, "मला नव्हतं." आणि डोळे पुसले, उघड, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर.

ऑगस्टमधला रविवार होता. मी सकाळी त्यांच्याकडं गेले होते. पत्र्याखाली भाभींनी स्टोव्हवर चहा ठेवला होता, त्यांची मुलगी बाजेवर पुस्तक घेऊन बसली होती, सर दाढी करत होते. अब्बा आत. आमच्या भागात भूकंपानंतर बारीकसारीक हादरे येतच असायचे, पण त्या दिवशीचा बारीक नव्हता. आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा. मग पत्रे वाजायला लागले आणि चहाचं पातेलं स्टोव्हवरून घसरलं. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं ओरडत रस्त्यावर आली. कुणी अंघोळीतून, कुणी ताटावरून.

हादरा आला की आत असाल तर बाहेर या, बाहेर असाल तर बाहेरच थांबा. हे सरांनी आमच्या क्लासच्या प्रत्येक बॅचकडून घोकून घेतलं होतं. अख्ख्या लातुराला ज्यांनी हे शिकवलं ते सर तोंडाला साबण तसाच ठेवून, अनवाणी, घराच्या आत पळाले.

दार उघडंच होतं. मला आतलं दिसत होतं. अब्बा आपल्या भिंतीला दोन्ही पंजे लावून उभे होते, धरून ठेवल्यासारखे. सरांना बघितलं आणि त्यांनी भिंत सोडली. दोन्ही हातांनी सरांना छातीवर ढकलायला लागले, "बाहर जा रे, बाहर जा." सरांनी एका हातानं कोपऱ्यातला कॉलम धरला होता आणि ते हलत नव्हते. वरून पंख्याचा दांडा हेलकावे खात होता. सरांची नजर त्या दांड्यावरून हटत नव्हती. त्या माणसाला त्या वेळी प्रचंड भीती वाटत होती, आणि घर किती सोसेल ते सगळं गणित त्यांना पाठ होतं.

"दीवारां तुमारे है अब्बा," ते म्हणाले. "लोहा मैं डाला."

अब्बांचे हात सरांच्या छातीवरच थांबले. हादरा केव्हाच गेला होता. रस्त्यावरचा गलका हळूहळू कमी झाला, कुणीतरी लेकराला दटावत होतं, पत्र्यांचा आवाजही थांबला. ते दोघे तसेच उभे होते. अब्बांनी आपल्या मफलरनं सरांच्या गालावरचा साबण पुसला, एक बाजू, मग दुसरी. मग दाराकडं वळून त्यांनी भाभींना हाक मारली आणि बिछाने आत आण म्हणाले.

पावसाळा अजून निम्मा बाकी होता. मी रडत होते आणि ते लपवावंसं वाटलं नाही. भाभींनी बाजेवरची गादी गुंडाळली. मी तिचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघी आत गेलो.